टकर आणि सायक्लोस्टाइल

फॅनझिन, म्हणजे विज्ञानकथांच्या चाहत्यांनी हौसेनं काढलेलं छोटं नियतकालिक. त्याबद्दल कुणीतरी लिहिलंय, 'फॅनझिन म्हणजे ज्यांचं कुठे छापून येत नाही त्यांची सोय.' हे काही पटलं नाही बुवा.

विल्सन टकरचंच बघा. अमेरिकेतल्या इलिनॉयमधला विज्ञानकथालेखक, पोटापाण्यासाठी थिएटरात प्रोजेक्टर चालवायचा. १९३८मध्ये त्यानं 'ल झोंबी' हे फॅनझिन काढलं. पुढे त्याच्या कादंबऱ्या रीतसर छापून आल्या, तरी फॅनझिनांतलं लिखाण त्यानं सोडलं नाही. विज्ञानकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार १९७०मध्ये त्याला मिळाला तोही हौशी लेखक म्हणून! कथांतल्या पात्रांना तो मित्रांची नावं द्यायचा. त्या खोडीला इंग्रजीत त्याच्याच नावावरून शब्द पडलाय. तो मेल्याची अफवाही उठली होती. तो गेला २००६मध्ये, नव्वदी ओलांडून.

बरं, असं फॅनझिन काढणं तेव्हा किती किचकट! कॉलेजात असताना आम्ही तिघांनी विज्ञानकथांचं एक सायक्लोस्टाइल पत्रक काढलं होतं, म्हणजे स्टेन्सिलमधून शाई उतरवून प्रती काढायच्या जुन्या पद्धतीनं. रिबन काढून टाइपरायटरवर मेणाचा स्टेन्सिल कापायचा, चूक झाली की लाल द्रव लावून फुंकत बसायचं. त्यात आपल्या नागपूरचा मे महिना. कूलरसमोर बसावं तर कागद उडतात, कूलर बंद करावा तर घामाचे थेंब स्टेन्सिलवर. सीताबर्डीवरच्या एका दुकानात शंभर प्रती काढल्या, निम्म्यांवर शाईचे डाग. तिसऱ्या अंकाला पैसे संपले.

टकरचे अंक साठाच्या वर गेले म्हणे. आम्ही दोनातच गार.