वसुलीइतकीच विहीरही सांभाळा

पाणीपट्टी नीट वसूल झाली की गावची नळयोजना टिकते, असं या चर्चेत दोन-तीन जणांनी म्हटलंय. भाऊ, हे अर्धंच खरं आहे.

माझं आजोळ काटोलकडचं, संत्र्याच्या पट्ट्यातलं. तिथे वसुली चांगली व्हायची. पण योजनेच्या विहिरीच्या आसपासच बागांसाठी बोअर पडत गेले. एप्रिल लागला की पाणी फूटव्हॉल्व्हच्या (मोटरच्या पाइपाच्या खालच्या टोकाच्या झडपेच्या) खाली जायचं, मोटर कोरडी चालून जळायची. ती रिवायंडिंग होऊन येईपर्यंत आठ-आठ दिवस मामी डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन शेतातल्या विहिरीवर. पैसे होते, पाणीच नव्हतं.

पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घ्यायचा नाही, हे बंधन राज्याच्या १९९३ च्या कायद्यानेच घातलं होतं. पण भावकीतल्या माणसाविरुद्ध अर्ज कोण देणार? म्हणून एकट्यादुकट्यावर न सोडता ग्रामसभेनेच ठराव करावा.

घरोघरी नळाने पाणी देण्याच्या जलजीवन मिशनचा हिशोब माणशी रोज किमान ५५ लिटरचा. म्हणजे हजार माणसांच्या वस्तीला रोज ५५ हजार लिटर. तेवढं पाणी आपली विहीर मे महिन्यात देते का? पावसाळा संपल्यावरच्या भरल्या विहिरीवर योजना आखली की फसलीच समजा.

आणि व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाचं मानधन थकवू नका हो. कुठली पाइपलाइन कुठे गळते, हे गावात त्यालाच ठाऊक असतं.