कॅरव्हान आणि बोट ओढत सुट्टीला निघतोय, हायवेवर काय काय सांभाळायचं?

निघालोच:
नमस्कार मंडळी. पुढच्या लाँग वीकेंडला आम्ही दोन कुटुंबं तळ्याकाठी मुक्कामाला जातोय. माझ्या एसयूव्हीमागे भाड्याची कॅरव्हान (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर) असणार आणि मेव्हण्याच्या पिकअपमागे त्याची स्वतःची बोट. त्याला बोट ओढायची सवय आहे पण ती जवळच्या पाण्यापर्यंत, एवढा लांबचा पल्ला कधी नाही. मी तर गाडीमागे काही जोडून आजवर चालवलेलंच नाही. कॅरव्हान देणारा म्हणतो की तुमच्या गाडीची टोइंग कपॅसिटी, म्हणजे मागे ओढता येणारं वजन, २००० किलोची आहे, कॅरव्हान सामानासकट १४०० भरेल, मग काळजी कसली. पण कॅरव्हान हेलकावे खात खात पुढच्या गाडीलाच आडवी करते असे दोनचार व्हिडिओ बघितले आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. तर सामान कसं भरायचं, स्पीड किती ठेवायचा, आणि समजा हलायला लागलीच तर त्या क्षणी नेमकं काय करायचं? अजून एक, पोरं म्हणतायत आम्ही मागे कॅरव्हानमध्ये झोपून येतो, ते चालतं का? बायको ठाम नाही म्हणतेय.

हिचवाला:
शेवटच्यापासून सुरुवात करतो, वहिनी बरोबर आहेत. चालत्या कॅरव्हानमध्ये माणूस बसवायचा नाही, खूप देशांत कायद्यानेच मनाई आहे आणि कायदा नसला तरी नाही. आत सीटबेल्ट नाहीत, भिंती प्लायवूड आणि फोमच्या, आणि आडवी झाली तर काहीच उरत नाही. पोरं गाडीत, बेल्ट लावून.

आता तो २००० किलोचा आकडा. त्यावरून एवढंच कळतं की गाडी तेवढं ओढू शकते, नीट सरळ ओढेल की नाही हे त्यावरून कळत नाही. कॅरव्हान सरळ चालणार की शेपूट हलवणार हे ठरतं वजन आत कुठे ठेवलंय त्यावर. जड सामान मागच्या टोकाला गेलं की पुढचं टोक हलकं होतं, हिचवरचा, म्हणजे गाडी आणि ट्रेलरच्या जोडावरचा, दाब कमी होतो आणि मग वाऱ्याचा एक झोत किंवा बाजूने गेलेला ट्रक पुरतो. छोट्या मॉडेलवर, चालत्या पट्ट्यावर ट्रेलर ठेवून हा प्रयोग करून दाखवतात तो जरूर शोधून बघा, तीच गाडी तोच वेग, फक्त वजन पुढून मागे सरकवलं की ट्रेलर वळवळायला लागतो तो थांबतच नाही, पुन्हा पुढे सरकवलं की काही सेकंदात शांत.

म्हणून जड वस्तू खाली जमिनीवर आणि ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) आसपास, किंचित पुढे. वरच्या कपाटांत फक्त कपडे, पांघरुणं, असलं हलकं. हिचवर खाली येणारं वजन युरोपातल्या कॅरव्हानसाठी एकूण भरलेल्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के धरतात, अमेरिकेत १० ते १५ टक्के, कारण तिथले ट्रेलर आणि हिच वेगळ्या पद्धतीचे. तुमची १४०० किलोची युरोपियन धाटणीची असेल तर ७० ते ९८ किलो. पण गाडीच्या टो बॉलची (गाडीमागचा जोडणीचा गोळा) स्वतःची कमाल मर्यादा असते, ती गाडीच्या पुस्तकात किंवा टोबारवरच्या पट्टीवर छापलेली असते, दोन्हींतला जो आकडा लहान तो तुमचा. मोजायला घरचा वजनकाटा चालतो, सपाट जागेवर कॅरव्हान आडवी समतल ठेवायची, कपलिंगखाली (कॅरव्हानच्या पुढच्या टोकाची, बॉलवर बसणारी जोडणी) योग्य उंचीचा मजबूत लाकडी ठोकळा काट्यावर उभा करायचा आणि जॉकी व्हील (पुढचं वरखाली होणारं टेकूचं छोटं चाक) हळूहळू वर घ्यायचं, काटा दाखवेल ते वजन. आणि हे वजन गाडीच्या पेलोडमध्ये (गाडी स्वतःवर वाहू शकते त्या वजनात) मोजलं जातं बरं का, म्हणजे पाच माणसं आणि भरलेली डिकी असेल तर ते ८०-९० किलो त्यात मिळवायचे. हे लोक हमखास विसरतात.

पाण्याची टाकी पण लक्षात ठेवा, १ लिटर म्हणजे १ किलो. पोचल्यावर भरा. अर्धवट भरलेली सगळ्यात वाईट, कारण ते पाणी आत हिंदकळत राहतं.

वळणावळणाने:
हिचवालांनी वजनाचं सगळं सांगितलंच आहे, मी जोडणीचं सांगते कारण निघायच्या घाईत सगळं तिथेच राहून जातं. कपलिंग बॉलवर बसलं, हँडल खाली आलं म्हणजे लागलं असं समजू नका. जॉकी व्हील फिरवून कॅरव्हानचं नाक उचलायचा प्रयत्न करा, गाडीची मागची बाजू थोडी वर यायला लागली तर कपलिंगने बॉल खरंच पकडलाय. नुसतं वर टेकलं असेल तर इथेच सुटेल, हायवेवर नाही. मग जॉकी व्हील पूर्ण वर घेऊन घट्ट करायचं. सेफ्टी चेन असतील तर हिचखालून एकमेकींना ओलांडून लावायच्या, म्हणजे कपलिंग सुटलंच तर नाक रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडतं. ब्रेकअवे केबल, म्हणजे कॅरव्हान सुटली तर तिचे ब्रेक लावणारी तार, गाडीवर त्यासाठी दिलेल्या कडीत लावा, नुसती बॉलवर अडकवली तर ती वरून निसटू शकते आणि मग मागचे ब्रेक लागणारच नाहीत.

चाकांचे नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) आवळा आणि साधारण ५० किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा तपासा, विशेषतः चाक नुकतंच काढून बसवलेलं असेल तर. लाईट तपासायला एकजण मागे उभा करा, इंडिकेटर, ब्रेक, सगळे. गॅस सिलिंडर बंद. आरसे, कॅरव्हान गाडीपेक्षा रुंद असेल तर जोडायचे लांब आरसे घ्याच, त्याशिवाय मागून येणारं काहीच दिसत नाही.

आणि पेट्रोल पंपावर सावकाश. वळताना कॅरव्हानची चाकं गाडीपेक्षा आतून जातात हे सगळे सांगतात, पण तिचं मागचं टोक त्याच वेळी उलट बाजूला बाहेर फेकलं जातं हे कोणी सांगत नाही, आणि मग पंपाच्या खांबाला नाहीतर शेजारच्या गाडीला ते घासतं. आपण बघत असतो आतल्या बाजूला आणि लागतं बाहेरच्या बाजूला.

निघालोच:
धन्यवाद दोघांना, प्रिंट काढून ठेवतोय. या कॅरव्हानला स्टॅबिलायझर हिच आहे, म्हणजे ते हेलकाव्यांचं टेन्शन बरंच कमी ना? आणि हलायला लागली तर काय करायचं ते अजून कोणी सांगितलं नाही.

हिचवाला:
स्टॅबिलायझर चांगलाच आहे, असू द्या, पण तो बॉलला घासून छोटे हेलकावे मारतो. चुकीचं भरलेलं वजन तो दुरुस्त करत नाही, फक्त त्याची चाहूल उशिरा लागते. हेलकावे सुरू व्हायचा एक वेग असतो, त्याच्या खाली ट्रेलर हलला तरी आपोआप शांत होतो आणि त्याच्या वर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. स्टॅबिलायझर तो वेग थोडा वर नेतो इतकंच, आणि मग तुम्हाला जेव्हा जाणवतं तेव्हा तुम्ही आधीच जास्त स्पीडला असता.

हलायला लागली तर: ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवा आणि वेग आपोआप उतरू द्या. बस्स. उलटसुलट स्टिअरिंग मारायचं नाही, कारण आपला हात नेहमी अर्धा सेकंद उशिरा पोचतो आणि हेलकाव्याला उलट मदतच होते. जोरात ब्रेक नाही, गाडी थांबते आणि मागची १४०० किलो तिरकी ढकलत राहते, मग जॅकनाइफ, म्हणजे गाडी आणि ट्रेलर चाकूसारखे एकमेकांवर दुमडतात. स्पीड वाढवून ओढून सरळ करा असं सांगणारे भेटतील, त्यांचं अजिबात ऐकू नका. उतारावर तर ते आत्मघातकी आहे. इलेक्ट्रिक ब्रेक असतील आणि गाडीत कंट्रोलर असेल तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने हलके लावता येतात, त्याने ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ होतो. तुमच्या कॅरव्हानला बहुतेक ओव्हररन ब्रेक असतील, म्हणजे ती गाडीला ढकलते तेव्हाच ते लागतात, तिथे ही सोय नाही. शांत झाली की सुरक्षित जागी थांबा, सामान आणि टायर बघा, आणि पुढे कमी वेगाने जा. एकदा हलली म्हणजे काहीतरी चुकलंय, नशिबाने थांबली म्हणून तसंच पुढे जायचं नाही.

वेगाचं म्हणाल तर नियम देशोदेशी वेगळे. ब्रिटनमध्ये कॅरव्हान ओढताना मोटरवेवर ताशी ६० मैल आणि तीन किंवा जास्त लेन असतील तर सगळ्यात उजव्या लेनमध्ये जायलाच परवानगी नाही, जर्मनीत साधारण ८० किलोमीटर आणि वेगळी मंजुरी असेल तर ऑटोबानवर १००, कॅलिफोर्नियात ५५ मैल. तुमच्या रस्त्याचा नियम बघा आणि त्याला कमाल समजा, टार्गेट नाही. ८० वरून १०० ला गेलात की थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते.

लांबगाडी:
मी ट्रक चालवतो, सुट्टीच्या दिवशी तुमच्यासारखे खूप दिसतात म्हणून आमच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

मोठी गाडी शेजारून जाते तेव्हा आधी ती हवा ढकलते, तुमची कॅरव्हान बाहेर रेटली जाते, आणि मग आमचं शेपूट पुढे गेलं की आत ओढली जाते. हे दर वेळेला होणार. आरशात ट्रक येताना दिसला की आधीच लेनच्या लांबच्या कडेला सरका, स्टिअरिंग नीट धरा, घाबरून ब्रेक मारू नका. आणि तुम्ही आम्हाला ओव्हरटेक करत असाल तर मधल्या मध्ये पाय काढू नका. पुढे गाडी आणि मागे कॅरव्हान धरून तुम्ही १२ मीटरच्या आसपास असता, आमच्या शेजारीच रेंगाळलात की आम्हाला दिसतही नाही आणि तुम्हाला परत यायला जागाही नसते. चढ असेल, वारा असेल, पुढे जागा दिसत नसेल तर मागेच रहा ना, काय बिघडतं. उलट आम्हाला चांगलं वाटतं.

अंतर, साध्या गाडीला २ सेकंद म्हणतात, तुम्ही किमान ४ ठेवा आणि पावसात त्याहून जास्त. लोक त्या फटीत घुसणार. घुसू द्या, पुन्हा मागे व्हा. मला त्याचा रागच येत नाही आता.

घाटात उतरताना उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर. ब्रेकवर पाय ठेवून पूर्ण उतार काढायचा नाही, थोडा ठाम ब्रेक लावून वेग खाली आणायचा, सोडायचा, परत लावायचा. जळका वास आला तर थांबा, ब्रेक तापलेत आणि पुढच्या वळणाला पेडल दाबून काही होणार नाही. आणि शुक्रवारी ऑफिसातून थेट निघणारे असतात तसे निघू नका, पहाटे निघा. झोप झालेली असली पाहिजे.

नावाडी:
बोटीचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, कारण कॅरव्हानवाल्यांना ते माहीत नसतं आणि बोटवाले गृहीत धरतात.

बोटीच्या ट्रेलरचा वीक पॉइंट म्हणजे व्हील बेअरिंग. लांब चालवून हब (चाकाचा मधला भाग, बेअरिंग असतं तो) गरम झालेला असतो आणि तसाच रॅम्पवर पाण्यात घालतात, आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. ग्रीसमध्ये पाणी मिसळलं की ते दुधासारखं पांढरट दिसतं, तसं दिसलं की समजा त्या बेअरिंगचे दिवस भरले. मग परतीच्या रस्त्यावर गरम होऊन जॅम होतं आणि चाक निघून जाऊ शकतं, चाक. मेव्हण्याला सांगा पोचल्यावर आधी थांब, हब थंड होऊ दे, लाईटचा प्लग काढ आणि मगच पाण्यात घाल. वाटेत प्रत्येक थांब्याला हाताचा मागचा भाग हबच्या जवळ नेऊन बघायचा, आधी टेकवायचा नाही, सगळे हब साधारण सारखेच कोमट असायला हवेत. एक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त गरम असेल तर बेअरिंग गेलंय नाहीतर ब्रेक चिकटलाय, तसं पुढे जायचं नाही.

बांधणी: पुढच्या विंचचा (पट्टा गुंडाळणाऱ्या चरखीचा) पट्टा बोट ओढायला असतो, प्रवासात धरून ठेवायला तो एकटा पुरत नाही. पुढे वेगळी चेन आणि मागे ट्रान्समपासून (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीपासून) ट्रेलरला दोन्ही बाजूंनी पट्टे. पट्टा सपाट न ठेवता एक पीळ देऊन बांधा, वाऱ्यात फडफडून झिजत नाही. मागे इंजिन, त्यात मागेच इंधनाची टाकी, म्हणजे बोट मुळातच शेपटीकडे जड, त्यामुळे वर वजनाचं जे सांगितलंय ते बोटीला दुप्पट लागू. तळातलं साचलेलं पाणी काढून टाका. आणि आतल्या उशा, लाईफ जॅकेट, झाकणं, सगळं काढून गाडीत घ्या. मागच्या मोटरसायकलवाल्यावर उशी उडून गेली तर त्याने काय करायचं सांगा.

निघालोच:
अपडेट देतोय. काल कॅरव्हान आणली आणि वजनकाटा लावला. हिचवर फक्त ४८ किलो! टो बॉलची मर्यादा १०० आहे. मागच्या रॅकवर दोन सायकली आणि मागच्याच बाकाखाली तंबूची अख्खी बॅग होती. सायकली काढून मेव्हण्याच्या पिकअपमध्ये टाकल्या, बॅग ॲक्सलच्या वर जमिनीवर घेतली, आता ८२. नाक उचलायची टेस्ट पण केली, गाडी वर आली. मेव्हण्याने बोटीचे हब उघडायला घेतलेत, एका बाजूचं ग्रीस खरंच पांढरट निघालं, दोन्हीकडचे बेअरिंग नवीन घालतोय. एकच राहिलं, कॅरव्हानच्या टायरना नक्षी भरपूर आहे, अगदी नवे दिसतात, पण बाजूला ३११५ असा चार आकडी कोड आहे त्याचा अर्थ काय?

वळणावळणाने:
पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. म्हणजे २०१५ च्या ३१ व्या आठवड्यात बनलेले. कॅरव्हान वर्षभर उभी असते त्यामुळे नक्षी झिजत नाही, रबर मात्र उन्हाने आणि वयाने आतून कडक होत जातं. जर्मनीत तो १०० चा परवाना हवा असेल तर ट्रेलरचे टायर ६ वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत. त्या टायरवर पोरांना घेऊन हायवेला लागू नका. देणाऱ्याला आजच फोन करून दोन्ही बदलून मागा, नाही म्हणाला तर दुसरी कॅरव्हान बघा, आणि स्पेअरचा कोड पण वाचा, तो हमखास सगळ्यात जुना निघतो.