गुरुवारचा कोर्स: आय-9 वर अडलंय, शुक्रवारपर्यंत उत्तर हवं

माधवी:
नमस्कार मंडळी,
कोजागिरीला बोलणं झालं होतं तो विद्यापीठातला कोर्स ह्यांना शिकवायला मिळतोय. आधीचे सर नैरोबीला बदलून गेले. जानेवारीपासून 14 आठवडे, दर गुरुवारी साडेसहा ते नऊ. विषय धरणं आणि विस्थापन, म्हणजे हे जागतिक बँकेत रोज करतात तेच. विभागाने आय-9, म्हणजे अमेरिकेत काम करायची परवानगी आहे हे दाखवायचा फॉर्म, भरायला पाठवलाय आणि तिथेच गाडी अडलीये, कारण आम्ही जी-4 वर, म्हणजे आंतरराष्ट्रीय संस्थेतल्या नोकरीच्या व्हिसावर. मानधन नको म्हटलं तर चालेल का? शुक्रवारी हो-नाही कळवायचंय.

सुहास:
अगदी होतं, मी केलंय. विद्यापीठाला वेगळा आय-129, म्हणजे नोकरी देणाऱ्याने भरायचा व्हिसाचा अर्ज, भरायला सांगा. दोन ठिकाणी एकाच वेळी एच-1बी हा नोकरीचा व्हिसा चालतो, आणि विद्यापीठांना वार्षिक कोटा नाही, त्यामुळे लॉटरीची भानगड नाही. माझ्या अर्जाची पावती आली त्याच आठवड्यात मी पहिला तास घेतला. वकिलाचा नंबर हवा तर फोन करा.

अरुणकाका:
सुहास, ते जी-4 वर आहेत रे. तिथे ज्याच्या नावावर व्हिसा त्याला फक्त त्याच संस्थेत काम करता येतं. बँकेने बाहेर शिकवायला परवानगी दिली तरी ती बँकेच्या नियमापुरती, व्हिसाला लागू नाही. आणि माधवी, पद पगारी आहे, तेव्हा मानधन सोडून सुटका होईल असं समजू नका. एखाद्या तासाला पाहुणे म्हणून बोलणं वेगळं.

मी स्वतः इथल्या सरकारी नोकरीत असताना 11 वर्षं संध्याकाळी शिकवलं. आपल्या कामाच्या विषयावर भाषण देऊन पैसे घ्यायला आम्हाला मनाई, पण विद्यापीठाच्या नियमित अभ्यासक्रमातला सबंध कोर्स असेल तर नियमातच सूट आहे. तरी मी दर वर्षी लेखी मंजुरी घ्यायचो. रात्री फॉगी बॉटम स्टेशनला मेट्रोत बसलं की मांडीवर पेपर. एकदा एका मुलीने सरदार सरोवर धरणाच्या बुडितातलं, महाराष्ट्रातलं मणिबेली गाव नर्मदेच्या पलीकडे, गुजरातेत दाखवलं होतं. पुढच्या तासाला मी भिंतीवर नकाशा लावला आणि त्या धरणावरचा मोर्स समितीचा 1992 चा अहवाल वाचायला लावला. बँकेनेच नेमलेली समिती बँकेला सांगते की असं पुनर्वसन होणार नाही, आणि मार्च 1993 मध्ये भारत उरलेलं कर्ज सोडून देतो. पण मुलं खरी गप्प झाली ती नर्मदा जलविवाद लवादाच्या 1979 च्या निवाड्यातलं एक कलम वाचून: सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरायचा. म्हणजे पोराचं वय कागदावर काय लागलं, यावर घराला किती जमीन मिळणार ते ठरतं. ज्याने अशा याद्या हाताळल्यात त्यानेच हे शिकवावं, म्हणून हा कोर्स हातचा जाऊ नये असं मला फार वाटतं.

शुभांगी:
काका, मी फक्त मानधनाबद्दल लिहितेय. तुमच्या घरात पगार दुसरीकडून येत होता. माझी वहिनी पुण्यात 12 वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतेय. उन्हाळ्यात एक पैसा नाही, आणि झालेल्या तासांची बिलंसुद्धा दिवाळीपर्यंत रखडतात. मी इथे तीन कॅम्पस मिळून चार कोर्स घेते, गाडीच्या डिकीत पुस्तकांची खोकी असतात. जॉर्ज वॉशिंग्टन, अमेरिकन, जॉर्जटाउन या विद्यापीठांतल्या अर्धवेळ शिक्षकांनी एसईआययू लोकल 500 या कामगार संघटनेत एकजूट केली ती दर कोर्सला नीट मोबदला मिळावा म्हणून. कुणी फुकट शिकवतो म्हणालं की पुढच्या वर्षी विभाग आम्हाला तेच ऐकवतो. व्हिसाचं काहीही होवो, मानधन नको असं लिहून देऊ नका. हात जोडून सांगते.

प्रकाश (मदत समिती):
व्हिसाचे प्रश्न समितीच्या पत्त्यावर पाठवायचे असं मागच्या सर्वसाधारण सभेत ठरलंय. ऐकीव सल्ल्यावर एका कुटुंबाला काय भोगावं लागलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. माधवीताई, आमच्या वकीलबाई उद्या दुपारी फोनवर आहेत, त्यांच्याशी बोलल्याशिवाय आय-9 वर सही करू नका.

सुहास:
प्रकाश, मी ऐकीव नाही, स्वतःचं सांगितलं. जी-4 माझ्या वाचनातून निसटलं एवढंच.

विद्या:
अगं माधवी, जी-4 वाल्याची बायको म्हणून आय-566 अर्जावरून तुझं ईएडी, म्हणजे काम करायच्या परवानगीचं कार्ड, आलंय ना? दिल्लीत आठ वर्षं निर्वासितांची नोंदणी केलीस, काका म्हणतात तसल्या याद्या तूच केल्यास. कोर्स तूच घे की!

माधवी:
विद्या, परवा जेवताना हेही हेच म्हणाले आणि मी विषय बदलला होता. तुझा मेल आल्यावर रात्री विभागाला लिहिलं. सकाळी उत्तर आलं, सीव्ही आणि 14 आठवड्यांचा आराखडा मागितलाय. प्रकाशभाऊ, वकीलबाईंशी बोलले. माझ्या कार्डावर शिकवता येईल, कार्ड जूनपर्यंत आहे आणि कोर्स मेमध्ये संपतो. हे एका तासाला पाहुणे म्हणून येतील, तेवढं बँकेला विचारून.

काका, तो नकाशा अजून आहे का? शनिवारी घ्यायला येते. शुभांगी, कोर्सला किती मागायचे ते आज रात्री फोनवर सांग, कमी मागायचे नाहीत.

आणि जानेवारीपासून गुरुवारी माझ्या दोघांना लेझीमच्या सरावाला कोण नेईल? रॉकव्हिलकडून जाणाऱ्यांनी कळवा.