संगणकावर बनवलेलं तुमचं पहिलं दिवाळी ग्रीटिंग

पोटमाळा
काल माळा आवरायला घेतला. पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचे कागद होते, त्यात मीच पाठवलेलं २००३ सालचं दिवाळीचं ग्रीटिंग निघालं आणि आवरणं तिथेच थांबलं.

कॉलेजचं दुसरं वर्ष. शेजारच्या दादाकडे फोटोशॉप ७ होतं (सीडी कुठली ते विचारू नका). तीन संध्याकाळी खपले. नेटवरून पणतीचा फोटो उतरवला, ६४० गुणिले ४८०. स्क्रीन भरून दिसतोय म्हणजे भरपूर मोठा, असा माझा हिशोब. तो ओढून ओढून अर्ध्या ए४ एवढा केला. वर लेन्स फ्लेअर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड शिरल्यासारखी चमक. अक्षरांना ड्रॉप शॅडो, बेव्हल, आउटर ग्लो, हाताला लागेल ते सगळं. सायबर कॅफेत दहा रुपयांना एक अशा चार रंगीत प्रिंट काढल्या, एक चिपळूणला आजोबांना.

आठ दिवसांनी पन्नास पैशांचं पोस्टकार्ड आलं. 'शुभेच्छा पोचल्या. चित्र पाहिले. पपई छान आली आहे.'

छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, त्या हिशोबाने माझी पणती जेमतेम दोन इंचांची होती आणि मी ती आठ इंच ताणलेली, हे पुष्कळ नंतर कळलं. ग्रीटिंगच्या कोऱ्या बाजूला आजोबांनी दुधाचा हिशोब मांडलाय.

तुमचेही किस्से येऊ द्या.

खमंग
पपई!!! ऑफिसात एकटीच हसतेय, शेजारचा बघतोय.

कोरडी_चटणी
लेन्स फ्लेअरला मम. मी तर गणपतीच्या डोक्यामागेही टाकला होता. त्या काळी ते टाकलं नाही तर डिझाइन केलंय असं वाटायचंच नाही.

भुईचक्र
मी अकरा वर्षं डीटीपी (संगणकावर छपाईचा मजकूर जुळवायचं काम) केलं, त्यामुळे माझा किस्सा गिऱ्हाइकाचा नाही, माझाच आहे.

एका पतपेढीचं काम, हजार कार्डं. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेलं. प्रेसवाल्याकडे तो फाँट नसला की फाईल उघडल्यावर शुभेच्छांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस. म्हणून प्रत्येक प्रेसवाला सांगायचा, 'कर्व्ह करून आण.' कन्ट्रोल-क्यू दाबलं की अक्षरांची चित्रं होतात, मग फाँट असो नसो. मी कर्व्ह केलं, त्याच नावाने सेव्ह केलं, फाईल बंद. रात्री साडेदहाला प्रेसमधून फोन, 'साहेब, शुभेच्छातला च कुठाय?'

'शुभेछा'. आणि ते आता अक्षर नव्हतंच, चित्र होतं. मूळ फाईलवरच सेव्ह केल्यामुळे परतीची वाटही नाही. शेवटी दुसऱ्या एका जुन्या कामातून अख्खा 'च्छा' उचलला, लहान-मोठा करून बसवला. बारकाईने बघितलं तर तेवढाच जरा जाड होता. पतपेढीच्या चेअरमननी कार्ड हातात घेऊन विचारलं, 'हे मुद्दाम ठळक केलंय का?' म्हटलं, हो.

तेव्हापासून दोन फायली. एक टाइपची, एक कर्व्हची. आजही.

तिखटमीठ
'मुद्दाम ठळक' 😂😂 आमच्या घरात आता हाच शब्द. भाजी करपली, मुद्दाम ठळक.

चकलीभंग
घाईत लिहितेय, कुकर लावलाय.
आमचं आत उलटं छापलं. पंचवीस कार्डं. ए४ आडवा, मधोमध घडी. बाहेरची बाजू मस्त जमली (मुखपृष्ठ उजव्या अर्ध्यात यायला पाहिजे हे दोन कागद फुकट गेल्यावर समजलं). मग मागच्या बाजूला आतला मजकूर. प्रिंटरने विचारलं, कागद लांब कडेने उलटायचा की आखूड? मी म्हटलं लांब, पुस्तकासारखा. कार्ड उघडलं की शुभेच्छा पायात. आडव्या कागदाला आखूड कड निवडायची असते. नवरा म्हणाला, असू दे, वाचणारे शीर्षासन करतील, तेवढीच तब्येत सुधारेल. जाड कागद संपला होता आणि वसुबारस दुसऱ्या दिवशी. तशीच वाटली.
शिट्टी झाली, येते.

खमंग
चकलीभंग, आयडीमागची कथा सांगा आधी.

चकलीभंग
कथा कसली, तेलात सोडली की विरघळते. दरवर्षी.

कोरडी_चटणी
मोहन जास्त होतंय. तेल पुरेसं तापलेलं नसलं तरी होतं तसं.

हडसनकाठ
न्यू जर्सीहून. नाशिकच्या नणंदेने हौसेने कार्ड करून पीडीएफ पाठवली, ए४. आमच्याकडे लेटर कागद, रुंदीला जरासा जास्त आणि उंचीला जवळपास पावणेदोन सेंटिमीटर कमी. 'फिट टू पेज' केलं तर दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे, नाही केलं तर खालची रांगोळी कापली जाते. पट्टे पत्करले आणि कात्रीने कापत बसले.
पुढच्या वर्षी शहाणपण करून चौकोनी कार्ड केलं. पाकीटही चौकोनी. इथे चौकोनी पाकीट मशीनमधून जात नाही म्हणून टपाल जास्त पडतं, ते पोस्टाच्या खिडकीशी कळलं, हातात चाळीस पाकिटं. बरं, २०१६ मध्ये इथे दिवाळीचं तिकीट निघालं, सोनेरी पार्श्वभूमीवर पणती. मी दोन जास्तीची पानं घेऊन ठेवली. एक अजून आहे, वापरवत नाही.

तिखटमीठ
त्या तिकिटावरची पपई नाही ना?

हडसनकाठ
नाही हो, चांगली स्वच्छ पणती आहे 😄

नवखा_सोलापूरकर
मी सध्याच करतोय, मदत हवी. जुनं फोटोशॉप आहे. 'हार्दिक' लिहिलं की र चा पाय मोडलेला दिसतो आणि वेलांटी द च्या आधी न येता नंतर येते. गूगलवरून फाँट तीन बदलले.

भुईचक्र
फाँटचा दोष नाही. प्रेफरन्सेसमध्ये टाइप, तिथे मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन किंवा वर्ल्ड-रेडी असा पर्याय दिसेल. तो निवडून फोटोशॉप बंद करून उघडा आणि नवी फाईल घ्या. सापडलाच नाही तर इंकस्केपमध्ये मजकूर लिहून चित्र म्हणून आणा, फुकट आहे. घरच्या प्रिंटरवर छापणार असाल तर आरजीबीच (स्क्रीनचे रंग) राहू द्या. प्रेसला देणार असाल तर सीएमवायके (छपाईच्या शाईचे रंग) करा आणि चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापण्यात जाणारं जास्तीचं चित्र, ठेवा. स्क्रीनवरचा पेटलेला झेंडू कागदावर थोडा विटकरी होणार, मनाची तयारी ठेवा.

नवखा_सोलापूरकर
झालं!! र उडी मारून वर बसला. आभार साहेब. आता व्हॉट्सॲपवरून प्रेसला पाठवतो.

भुईचक्र
थांबा! फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर चुरा होऊन पोचेल.

खमंग
माझं सगळं पेंटमध्ये. स्प्रे कॅनने फुलबाजी. एक बाबांच्या कपाटावर होती, रंग उडून निळी तेवढी उरली. मागच्या वर्षी घर रिकामं केलं तेव्हा बघायला हवी होती. असो.

कोरडी_चटणी
🙏

पोटमाळा
कार्डाचा फोटो टाकलाय वर. खमंग, निळी तरी उरली होती ना गं.

तिखटमीठ
पपईच आहे. बिया पण दिसतायत. बाय द वे ताई, दीपावलीतला दी दीर्घ पाहिजे, तुम्ही ऱ्हस्व काढलाय.

पोटमाळा
तुम्ही म्हणालात म्हणून नीट बघितलं. आजोबांनी पेन्सिलीने बारीक दुरुस्त केलाय. इतक्या वर्षांत आज दिसलं.

चकलीभंग
मोहन कमी केलं. विरघळली.