डिस्कचा क्लोन आणि बॅकअप: 'फुकट' सॉफ्टवेअर घ्यावे की 'मुक्त'?

अक्षरजुळणीकार

पुण्यात माझे अक्षरजुळणीचे छोटे कार्यालय आहे. तीन संगणकांपैकी सर्वांत जुन्यावर विंडोज ७, पेजमेकर ७, श्रीलिपीची जुनी आवृत्ती आणि तिच्या परवान्याचा डोंगल (संगणकाला खोचायची किल्ली) अशी जुळवाजुळव आहे. या यंत्राला इंटरनेट जोडलेले नाही, पण जुनी पुस्तके पुनर्मुद्रणाला आली की आजही त्याच्यावाचून आमचे पान हलत नाही. उद्या त्याची डिस्क गेली, तर विंडोज पुन्हा घालणे हे दोन तासांचे काम आहे. मात्र फॉन्टची नेमकी तीच आवृत्ती, तोच कीबोर्ड आणि प्रिंटरचा तोच ड्रायव्हर जमवण्यात आठवडा जाईल, कारण एखाद्या जोडाक्षराची रुंदी केसभर बदलली तरी ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि तीनशे पानांचे पुस्तक पुढे सरकते. त्यामुळे नुसत्या फाइलींची नक्कल मला पुरत नाही, अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे क्लोन, लागते.

अनेक वर्षे मी त्यासाठी मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती वापरली. कंपनीने ती बंद केली आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही १ जानेवारी २०२४ पर्यंतच मिळतील असे जाहीर केले. पर्याय शोधू लागलो तेव्हा असे दिसले की 'फुकट' म्हणून मिरवणारी काही सॉफ्टवेअर डिस्क निवडू देतात, पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) निवडू देतात आणि शेवटचे बटण दाबले की पैसे मागणारी खिडकी उघडतात. (तोवर चहा गार झालेला असतो, तो भाग वेगळा.)

शेवटी मी क्लोनझिलावर स्थिरावलो. ते तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात तयार झाले आहे आणि जीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळते, म्हणजे त्याचा मूळ कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो. ते पेनड्राइव्हवरून सुरू होत असल्यामुळे आतले विंडोज किती जुने आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. माझे मत असे आहे की फुकट आवृत्ती कंपनीच्या मर्जीवर चालते, आणि दहा वर्षांनी उघडावी लागेल अशी इमेज (फाइलीत साठवलेली डिस्कची प्रत) कोणाच्या मर्जीवर ठेवणे शहाणपणाचे नाही. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आपली बाजू अवश्य मांडावी.

हिशेबनीस

मला हे पटत नाही, आणि त्याचे कारण तत्त्वाचे नसून रोजच्या व्यवहाराचे आहे. कोल्हापुरात आम्ही व्यापाऱ्यांची खाती सांभाळतो. आमच्याकडे टॅलीचा डेटा दर तासाला बदलतो, आणि जो बॅकअप घेण्यासाठी संगणक बंद करून पेनड्राइव्हवरून सुरू करावा लागतो, तो बॅकअप कार्यालयात कोणीही घेत नाही, हा माझा अनुभव आहे. पहिल्या महिन्यात दर शनिवारी घेतला जातो, दुसऱ्या महिन्यात एखाद्या शनिवारी, आणि मार्चअखेरीच्या धावपळीत तर त्याची आठवणही कोणाला राहत नाही.

क्लोनझिला दर वेळी संपूर्ण इमेज नव्याने घेते, केवळ बदललेला भाग घेण्याची सोय त्यात नाही. त्या इमेजमधून एकच फाइल हवी असली तरी ती सहज काढता येत नाही. याउलट वीम एजंट या बॅकअप सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती विंडोज चालू असतानाच, शॅडो कॉपीच्या (विंडोजने त्या क्षणी गोठवलेल्या प्रतीच्या) आधाराने, रात्री ठरलेल्या वेळी बदललेला भागच उचलते, आणि सकाळी एखादी फाइल हवी असल्यास ती एकटी परत मिळते. एका संगणकावर बॅकअपचे एकच वेळापत्रक ठेवता येते ही तिची मर्यादा आहे, पण आम्हाला एकच पुरते. ज्यांना क्लोनही हवा आहे त्यांच्यासाठी हॅस्लिओ बॅकअप सूटच्या फुकट आवृत्तीत दोन्ही कामे होतात.

शिवाय क्लोनझिलाच्या निळ्या-करड्या पडद्यावर डिस्कची नावे 'एसडीए' आणि 'एसडीबी' अशी येतात. आमच्या ओळखीच्या एका मुलाने स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल केली आणि नव्या कोऱ्या डिस्कचा कोरेपणा जुन्या डिस्कवर यथासांग उतरवला. सॉफ्टवेअरने त्याला दोनदा विचारले होते, त्याने दोनदा 'होय' म्हटले.

शंकेखोर

मूळ लेखातील 'मर्जी' हा शब्द मला जास्त वाटतो. मॅक्रियमची फुकट आवृत्ती बंद झाली म्हणून ज्यांच्याकडे ती आधीच बसवलेली होती त्यांच्या संगणकावरून ती नाहीशी झाली नाही, आणि बचावाची पेनड्राइव्ह करून ठेवली असल्यास जुन्या इमेजही परत चढवता येतात. दुसरीकडे मुक्त सॉफ्टवेअरही थांबते. रेडो बॅकअप २०१२ नंतर कित्येक वर्षे जागचे हलले नव्हते. मग खात्री कोणाची धरायची?

माझा मोठा आक्षेप मात्र तुम्हा दोघांवरही आहे. क्लोन म्हणजे बॅकअप नव्हे. कालची चूक आजच्या क्लोनमध्ये तितक्याच निष्ठेने उतरते. चुकून पुसलेले प्रकरण क्लोनमध्येही पुसलेलेच असते. बॅकअपची डिस्क संगणकाला कायम खोचून ठेवली, तर मे २०१७ मधल्या वॉनाक्रायसारखा खंडणीखोर व्हायरस मूळ फाइलींबरोबर बॅकअपही कुलूपबंद करतो. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत घराबाहेर, हा छायाचित्रकारांकडून आलेला जुना नियम पाळला, तर कोणते सॉफ्टवेअर वापरले हा प्रश्न दुय्यम होतो.

अक्षरजुळणीकार

रेडोचे उदाहरण तुम्ही दिलेत हे बरे झाले, कारण ते माझ्याच बाजूचे आहे. ते थांबले, पण त्याचा मूळ कोड खुला होता, म्हणून २०१९ मध्ये दुसऱ्या माणसाने तो उचलून रेस्क्यूझिला उभे केले. आज तेच रेस्क्यूझिला क्लोनझिलाच्या इमेज वाचते, माउसने चालते, आणि इमेजमधून एखादी फाइल काढण्याची सोयही देते, जी अजून प्रायोगिक म्हणून नोंदवलेली आहे. बंद कोडाच्या सॉफ्टवेअरचा असा पुनर्जन्म होत नाही.

हिशेबनीस, रोज बदलणाऱ्या डेटाविषयीचा तुमचा मुद्दा मी मान्य करतो. आमच्या इतर दोन संगणकांवर विंडोज ११ आहे आणि तेथे मी तुमच्या पद्धतीने रात्रीचा बॅकअप लावून पाहीन. जुन्या यंत्राची गोष्ट वेगळी आहे. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला, त्यामुळे एखाद्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती त्यावर बसेल याचा भरवसा नाही, आणि त्या यंत्रावर काहीही नवे बसवण्याची माझी इच्छाही नाही. मात्र मला आता एक वेगळीच अडचण आली आहे. जुनी डिस्क ५०० जीबीची आहे, नवी घेतलेली एसएसडी (चकत्या नसलेली डिस्क) ४८० जीबीची. जुन्या डिस्कवर १८० जीबीच भरलेले आहे, तरीही क्लोनझिला लक्ष्य लहान असल्याचे सांगून थांबते.

हिशेबनीस

हेच मी म्हणत होतो. बाजारात जुन्या ५०० जीबीच्या जागी हमखास ४८० किंवा ५१२ची एसएसडी हातात पडते, आणि विंडोजमधली बहुतेक क्लोन सॉफ्टवेअर भरलेला मजकूर मावत असेल तर पार्टिशन स्वतःच आखडून घेतात. मुक्त सॉफ्टवेअरच्या भक्तांना मात्र त्यासाठी आधी आणखी एक मुक्त सॉफ्टवेअर लागते.

शंकेखोर, खंडणीखोर व्हायरसविषयी एक खुलासा करतो. वीममध्ये बॅकअप संपताच बाहेरची डिस्क आपोआप सोडवून टाकण्याची सोय आहे. त्यामुळे ती केबलीने जोडलेली असली तरी विंडोजला दिसत नाही. आम्ही दोन डिस्क एक दिवसाआड पाळीने लावतो आणि दुसरी मालकांच्या घरी असते.

दुरुस्तीचे टेबल

मी रोज डिस्क हाताळतो, म्हणून थोडे थांबवतो. मुक्त की फुकट हा वाद करण्यापूर्वी त्या डिस्कची प्रकृती कोणी पाहिली आहे काय? डिस्कची प्रकृती दाखवणारे क्रिस्टलडिस्कइन्फो उघडावे आणि 'सी५' तसेच '०५' या दोन ओळी पाहाव्यात. पहिली ओळ वाचता न आलेल्या आणि निकालाची वाट पाहणाऱ्या सेक्टरांची (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांची) आहे, दुसरी बदली करून निकालात काढलेल्यांची. त्यातले कच्चे आकडे मूळ मांडणीत सोळाच्या पायावर दाखवले जातात, त्यामुळे तेथे '१०' दिसले तर सोळा समजावे. यात अनेक जण फसतात.

अक्षरजुळणीकार

पाहिले. '०५' समोर शून्य आहे, 'सी५' समोर ८ आहे.

दुरुस्तीचे टेबल

तर मग आता पार्टिशन आखडण्याचा विचारही मूळ डिस्कवर करू नये, कारण त्यात मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवला जातो आणि आजारी डिस्कला तेवढे कष्ट देणे धोक्याचे असते. विंडोजची डिस्क तपासणारी चेकडिस्कही चालवू नये, ती दुरुस्तीच्या नावाखाली फाइलींच्या नोंदी उडवू शकते. विंडोजमधली क्लोन सॉफ्टवेअर असोत की क्लोनझिला, दोन्ही निरोगी डिस्क गृहीत धरून लिहिलेली आहेत. वाचता न येणारा सेक्टर आला की काही थांबतात, काही त्याच जागी डोके आपटत राहतात. क्लोनझिलात अशा सेक्टरांना ओलांडून जाण्याचा पर्याय आहे, पण तो वेगळा निवडावा लागतो.

येथे आजारी डिस्कवरून मजकूर सोडवणारे जीएनयू डीडीरेस्क्यू वापरावे. ते आधी सुखरूप वाचता येणारा सगळा भाग उचलते, अडलेली जागा बाजूला ठेवते, आणि काय मिळाले व काय राहिले याची नोंद नकाशाच्या फाइलीत करते. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम जेथे थांबले तेथून पुढे सुरू होते. महाराष्ट्रात उन्हाळ्यात हा गुण किती मोलाचा आहे हे मी सांगायला नको. त्याला लक्ष्य डिस्क तेवढीच किंवा मोठी लागते, म्हणून ४८० जीबीची चालणार नाही. एक टीबीची डिस्क घ्या, तिच्यावर प्रत उतरवा, जीपार्टेड या पार्टिशन लहान-मोठे करणाऱ्या सॉफ्टवेअरने आखडायचे ते त्या प्रतीवर आखडा, आणि मग प्रतीवरून एसएसडीवर क्लोनझिलाने क्लोन करा. लक्ष्याचा आकार न तपासण्याचा आणि पार्टिशनची कोष्टके प्रमाणात बसवण्याचा, असे दोन्ही पर्याय तज्ज्ञांसाठीच्या यादीत आहेत.

आणखी एक गोष्ट. क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून विंडोज सुरू करू नये. दोघींची ओळखखूण एकच असते, त्यामुळे विंडोज त्यांतली एक बाजूला काढते किंवा तिची खूण बदलते, आणि मग ती डिस्क सुरूच होत नाही अशी तक्रार घेऊन लोक माझ्याकडे येतात.

आणि डिस्क ठकठक आवाज करत असेल तर यातले काहीही करू नये. वीज बंद करावी आणि तज्ज्ञाकडे न्यावी.

शंकेखोर

नव्या दोन संगणकांसाठी एक सूचना. विंडोज ११ च्या अनेक यंत्रांवर डिस्क आधीपासूनच बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या सांकेतिक कुलपाने, बंद केलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. बाहेरून सुरू होणाऱ्या सॉफ्टवेअरला अशा पार्टिशनमध्ये भरलेले काय आणि रिकामे काय ते कळत नाही, म्हणून ते सगळेच्या सगळे उचलते. आणि परत चढवल्यावर विंडोज ४८ अंकी किल्ली मागू शकते. ती किल्ली त्याच डिस्कवरच्या एखाद्या फाइलीत जपून ठेवलेली असल्याचे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

अक्षरजुळणीकार

रविवारी काम केले. जुन्या यंत्राला यूएसबी २.० च आहे आणि त्या वेगाने ५०० जीबी उतरवायला चार तास सहज गेले असते, म्हणून दोन्ही डिस्क आतच साटा केबलीने जोडल्या. डीडीरेस्क्यूची पहिली फेरी पावणेदोन तासांत संपली. त्यानंतर अडलेल्या जागेवर तीन वेळा प्रयत्न करू दिला, तरी ४,०९६ बाइट काही मिळाले नाहीत. एक टीबीच्या प्रतीवर पार्टिशन आखडले, तेथून एसएसडीवर क्लोनझिलाने भरलेलाच भाग नेला, त्याला सुमारे पाऊण तास लागला. मग दोन्ही चकत्यांच्या डिस्क काढून टाकल्या आणि फक्त एसएसडीवर संगणक सुरू केला. डोंगल ओळखला गेला. २०११ साली छापलेल्या एका व्याकरणाच्या पुस्तकाची फाइल उघडून छापील प्रतीशेजारी ठेवली आणि पान २१२ वरची तळटीप ज्या शब्दावर तुटते त्याच शब्दावर पडद्यावरही तुटलेली दिसली, तेव्हा कोठे जेवायला उठलो.

न मिळालेले ४,०९६ बाइट कोणत्या फाइलीत होते ते नंतर शोधले. ते कोणत्याच फाइलीत नव्हते, रिकाम्या जागेत होते.

हिशेबनीस

म्हणजे मूळ डिस्कवरून सरळ क्लोनझिला चालवले असते, तर त्याने त्या जागेला हातही लावला नसता!

दुरुस्तीचे टेबल

नसता लावला. पण तेवढ्यासाठी आधी त्याच आजारी डिस्कवर पार्टिशन आखडावे लागले असते, किंवा ५१२ची एसएसडी आणावी लागली असती. आठ सेक्टर गुणिले ५१२ बाइट म्हणजे बरोबर ४,०९६; हे आठ मिळून होणारा एकच भौतिक सेक्टर गेला आहे असे दिसते. जुनी डिस्क फेकू नका, तारीख लिहून ठेवा, आणि एक टीबीची प्रत तूर्त पुसू नका.