केनियाच्या खचदरीतला आजचा ताण कसा मोजावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीचा केनियातला भाग अभ्यासतोय. जीपीएसवरून पृथ्वीचं कवच किती ताणलं जातंय ते कळतं, प्रत्यक्ष ताण (खडकावर काम करणारं बल, स्ट्रेस) नाही. त्यासाठी बोअरहोलच्या (खोदलेल्या विहिरीच्या) भिंती कुठल्या बाजूंनी ढासळल्या ते पाहतात. किमान आडवा ताण त्याच दिशेत असतो. भूकंपांच्या फोकल मेकॅनिझमवरूनही (भ्रंश कसा सरकला याच्या नोंदीवरूनही) अंदाज येतो, पण तो बराच खोलवरचा. माझी अडचण मेनेंगाई, ओल्कारियासारख्या भूऔष्णिक क्षेत्रांची आहे. ड्रिलिंगच्या थंड पाण्याने तापलेला खडक आकसतो आणि नव्या भेगा पडतात. शिवाय जुने भ्रंश (खडकातले सरकलेले तडे) जवळपासचा ताण वळवतात. मग स्थानिक गडबड वगळून प्रादेशिक दिशा कशी काढायची? वर्ल्ड स्ट्रेस मॅपचे (जगभरच्या ताण-दिशांच्या संग्रहाचे) गुणवत्ता दर्जे इथे पुरतात का? इमेज लॉग (बोअरहोलच्या भिंतीच्या प्रतिमा) हाताळलेल्या कुणी कृपया सविस्तर सांगा, अगदी मनापासून विचारतोय.