मदत हवी आहे : राहत्या घरातल्या खोल्या द्यायच्या आहेत. पेइंग गेस्ट की लिव्ह अँड लायसन्स?

नमस्कार मंडळी,

आई एकटी राहते. घर महाराष्ट्रातच, तिच्या नावावर. सोबत होईल आणि चार पैसे मिळतील म्हणून दोन खोल्या द्यायचं ठरतंय. एक खोली घरातलीच, स्वयंपाकघर आणि बाथरूम आईबरोबर सामाईक. तिथे कॉलेजात शिकणारी एक मुलगी येईल. दुसरी गच्चीवरची : वेगळा जिना, स्वतःचा ओटा, स्वतःचं बाथरूम, कुलूपकिल्ली राहणाऱ्याकडे. ती एका नोकरदार जोडप्याला हवी आहे.

एजंट म्हणतो, लिव्ह अँड लायसन्स (भाडेकरूचे हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी) नको, दोघांनाही पीजी म्हणजे पेइंग गेस्ट म्हणा, साध्या कागदावर सह्या घ्या, अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही. मला हे पटलेलं नाही, म्हणून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ वाचला. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय असा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मला ही शेवटची गोष्ट दंडापेक्षा जास्त गंभीर वाटते.

नुसतं नाव बदलूनही भागत नाही. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर (१९५९) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की कागदाचं शीर्षक नव्हे, दोघांचा खरा हेतू पाहायचा. जागेचा एकट्याकडे ताबा असेल तर सकृद्दर्शनी तो भाडेकरूच दिसतो. गच्चीवरच्या खोलीचं वर्णन हुबेहूब तसंच आहे! त्यामुळे तिथे नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सच करायचं, हे माझ्यापुरतं पक्कं आहे. त्यात कलम २४ चा आधार मिळतो : मुदत संपूनही जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते.

आईची धास्ती मात्र जुनी आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांना तेव्हाच्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला होता, ते तिच्या पिढीच्या डोक्यातून जात नाही.

माझं अडलंय ते घरातल्या खोलीपाशी. मालक स्वतः राहतो त्या जागेचा काही भाग घेऊन राहणारा तो पेइंग गेस्ट, अशी १९९९ च्या कायद्यात व्याख्या आहे. पण त्याच कायद्यात ‘लायसन्सी’च्या, म्हणजे लायसन्सवर राहणाऱ्याच्या, व्याख्येतून पेइंग गेस्टला वगळलं आहे. मग उद्या त्या मुलीने खोली सोडली नाही तर कलम २४ चा रस्ता आईला मिळेल का, की दिवाणी दावाच लावावा लागेल?

सामाईक स्वयंपाकघर असूनही कुणी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स केलं आहे का? करारात त्या खोलीचं आणि सामाईक वापराचं वर्णन नेमकं कसं लिहिलंत? नोंदणीच्या वेळी त्यावर हरकत आली का?

मुलीचीही बाजू सांभाळायची आहे. परक्या गावी येणाऱ्या लेकरावर ‘आज रात्रीच निघ’ अशी वेळ कधी येऊ नये. डिपॉझिट परत करायची मुदत आणि दोन्ही बाजूंची नोटीस यांची कलमं कशी घालावीत? वकील मंडळींनी आणि ज्यांनी स्वतःच्या घरात कुणाला ठेवलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. करार या महिनाअखेरीस करायचा आहे.